वाट सापडण्यातील आनंद : ‘मोरोविंड’ आणि अद्भुतरम्य मुक्तविश्व खेळांचे स्वरूप

प्रास्ताविक :

संगणकीय खेळांचा विषय महाविद्यालयीन अध्यापकांच्या बोलण्यात येतो तो बहुधा तक्रारीच्या रूपाने. विद्यार्थी रात्री जागतात, वाचनाची सवय मोडते, वर्गात डोळे मिटतात. या तक्रारींत तथ्य नाही असे नाही. तथापि ज्या गोष्टीसाठी एखादा तरुण शंभर-दीडशे तास स्वेच्छेने देतो, तिच्यात त्याला नेमके काय लाभते, हा प्रश्न तक्रारीच्या ओघात विचारावयाचा राहून जातो. कादंबरी, नाटक वा चित्रपट यांच्या आस्वादाची मीमांसा करणाऱ्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखात ज्याला खेळणारे ‘ओपन वर्ल्ड फॅन्टसी रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात, त्या प्रकाराच्या आनंदाचे मूळ शोधण्याचा प्रयत्न केला असून त्यासाठी बेथेस्डा या अमेरिकन संस्थेने २००२ साली प्रसिद्ध केलेला ‘द एल्डर स्क्रोल्स ३ : मोरोविंड’ हा खेळ प्रमुख उदाहरण म्हणून घेतला आहे.

प्रकाराची ओळख :

या प्रकाराचे मूळ संगणकावर नसून मेजावर आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात चार-पाच जण एकत्र बसतात. प्रत्येक जण योद्धा, जादूगार, चोर अशी एखादी भूमिका घेतो. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो आणि फासे टाकून कृतीचे यशापयश ठरते. संगणकाने पुढे या सूत्रधाराची जागा घेतली. ‘मुक्तविश्व’ हे विशेषण जेव्हा या खेळाला लागते तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की ठरावीक क्रमाने एकामागून एक टप्पे पार करण्याऐवजी खेळाडू एका सलग भूप्रदेशात आपल्या इच्छेने हिंडू शकतो. मुख्य कथानक असते. परंतु ते बाजूस ठेवून कोणी महिनाभर केवळ वनस्पती गोळा करून औषधे बनवीत राहिला तरी खेळ त्याला हरकत घेत नाही.

विस्ताराचा भ्रम :

अशा खेळांच्या आनंदाचे कारण विचारले असता पहिले उत्तर येते ते आकाराचे. जग जितके मोठे तितकी मौज अधिक, असा समज खेळणाऱ्यांत आहे आणि विकणाऱ्यांनी तो आवर्जून जोपासला आहे. हा समज तपासून पाहण्याची सोय बेथेस्डाच्याच दोन खेळांनी करून ठेवली आहे. १९९६ सालचा ‘डॅगरफॉल’ हा त्यांचा खेळ निर्मात्यांच्या सांगण्यानुसार ग्रेट ब्रिटनच्या आकारमानाचा होता. त्यातील हजारो गावे व तळघरे संगणकाने सूत्रानुसार आपोआप रचलेली होती. परिणाम असा झाला, की एक गाव पाहिले की पुढची शंभर पाहिल्यासारखी वाटत. गावांमधील अंतर कोणी चालून जात नसे. नकाशावर ठिकाण निवडले की तेथे पोहोचता येई आणि मधली भूमी केवळ आकड्यात उरे.

सहा वर्षांनंतर आलेल्या ‘मोरोविंड’मधील व्हार्डनफेल हे बेट या तुलनेत अगदीच चिमुकले आहे. त्याचे क्षेत्रफळ साधारण चोवीस-पंचवीस चौरस किलोमीटर मानले जाते. म्हणजे एखाद्या मध्यम तालुक्याचा कोपरा. परंतु त्यातील टेकड्या, वाटा, घरे, घरांतील भांडी यांची मांडणी माणसांनी हाताने केलेली आहे. खेळणाऱ्यांच्या स्मरणात हे बेट प्रचंड मोठे म्हणून राहिले आहे. याची कारणे मोठी मनोरंजक आहेत. खेळाडूचे पात्र आरंभी अत्यंत संथ चालते. बेटाच्या मध्यभागी ‘रेड माउंटन’ हा ज्वालामुखी असून त्याच्या उतरणीवरून निघालेल्या खोल घळी सरळ मार्ग अडवितात, त्यामुळे दोन गावांमधील अंतर वळसे घालूनच कापावे लागते. आणि तत्कालीन संगणकांची क्षमता बेताची असल्याने थोड्या अंतरापलीकडचे सारे धुक्यात बुडालेले असते. आज ‘ओपनएमडब्ल्यू’ यांसारख्या स्वयंसेवकांनी तयार केलेल्या प्रणालीद्वारे हे धुके हटविता येते. ते हटविले की एका गावच्या टेकडीवरून पलीकडचे गाव हाकेच्या अंतरावर दिसू लागते आणि बेट एकाएकी आक्रसते. जी तांत्रिक उणीव होती तीच विस्ताराची जननी होती, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. खेळातील जगाचा मोठेपणा किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. ते जग ओलांडण्यासाठी खेळाडूला काय मोजावे लागते, यावर तो ठरतो.

सांगितलेली वाट :

‘मोरोविंड’चा आरंभ अतिशय साधा आहे. एक कैदी जहाजातून सेडा नीन नावाच्या चिखलट बंदरगावी उतरविला जातो. जनगणना कचेरीत त्याची नोंद होते. त्या नोंदीच्या निमित्तानेच खेळाडू आपल्या पात्राचा वंश, पेशा व जन्मनक्षत्र ठरवितो. एक पुडके हाती दिले जाते आणि बालमोरा या शहरात कायस कोसाडेस नावाच्या इसमाला ते पोहोचवावे, एवढीच आज्ञा होते. दार उघडते. पुढे कोणी सोबत येत नाही.

पडद्यावर दिशा दाखविणारा बाण नाही. ज्याला जे हवे ते त्याने विचारावे. गावातली माणसे वाट सांगतात ती शब्दांत : अमुक पुलावरून जा, नदी डाव्या हाताला ठेवा, दुभाजल्या रस्त्यावरील पाटी वाचा, पडक्या मनोऱ्याशी वळा. सह्याद्रीत गडवाटा शोधत हिंडलेल्या कोणासही ही भाषा ओळखीची वाटेल. गुराख्याने ‘ओढा ओलांडला की आंब्यापासून वर चढा’ असे सांगितल्यावर त्यातला आंबा नेमका कोणता, हे पाहण्यासाठी माणूस जसे डोळे उघडे ठेवून चालतो, तसेच येथे चालावे लागते. मूळ खेळाच्या पेटीत बेटाचा एक कागदी नकाशाही घातलेला असे व अनेक जण तो मेजावर पसरून खेळत.

प्रारंभीच्या एका कामगिरीत आर्कंग्थँड या प्राचीन अवशेषातून एक लहानशी पेटी आणावयाची असते. शहराबाहेर पडून किल्ल्यापर्यंत जावे, तेथील पाटीवरून रस्ता ओळखावा, घळीवरील पुरातन पूल शोधावा, असे मार्गदर्शन मिळते. अवशेषाचे दार ढकलून उघडत नाही. जवळच्या नळावरील दांडा फिरवावा लागतो. आत गेल्यावर ती पेटी चकाकत नाही की आवाज देत नाही. अंधाऱ्या दालनात इतर भंगाराबरोबर ती फळीवर पडलेली असते. या पेटीने किती जणांचा अंत पाहिला याच्या आठवणी खेळणारे आजही सांगतात, आणि विशेष हे की त्या तक्रारीच्या सुरात सांगितल्या जात नाहीत.

दूरच्या प्रवासाची सोय नाही असेही नाही. ‘सिल्ट स्ट्रायडर’ नावाच्या अवाढव्य, लांब पायांच्या किटकांच्या पाठीवरून काही गावांमध्ये ये-जा होते. किनाऱ्यालगत नावा आहेत. जादूगारांच्या संघाच्या शाखांमध्ये पैसे देऊन क्षणार्धात जाता येते. शिवाय एखाद्या जागी खूण करून पुन्हा तेथे परतण्याचा मंत्र आहे. परंतु यांपैकी कोणतेही साधन सर्वत्र पोहोचत नाही. एस.टी.ने तालुक्याला, तेथून होडीने पलतीरी आणि मग पायी, अशा जोडणीचा जो हिशेब ग्रामीण प्रवासी मनात करतो, तोच खेळाडू करू लागतो. तो हिशेब जमू लागला की त्याला बेट ‘कळले’ असते. पात्राची शक्ती वाढल्याचा आनंद या जाणकारीपुढे दुय्यम ठरतो.

खेळाडूची पर्वा न करणारे जग :

सेडा नीनच्या बाहेर थोड्याच अंतरावर एक प्रसंग घडतो. आकाशातून किंकाळी ऐकू येते आणि एक जादूगार समोर कोसळून मरतो. त्याच्याजवळ तीन मंत्रपत्रे व एक टिपणवही सापडते. या मंत्राने उडी मारण्याची शक्ती सात सेकंदांपुरती अचाट वाढते. कुतूहलापोटी खेळाडू मंत्र वाचून उडी मारतो, अर्धे बेट पायाखालून सरकताना पाहतो आणि उतरताना मंत्राचा अवधी संपल्यामुळे त्या जादूगारासारखाच मरतो. चतुर खेळाडू पुढील वेळी पाण्यात उतरतो, किंवा जमिनीला टेकण्यापूर्वी दुसरे मंत्रपत्र वाचतो. कोणी काहीही शिकविलेले नसते. एका मृत्यूच्या विनोदातून या जगाचे नियम सर्वांना सारखेच लागू आहेत, एवढे मात्र कायमचे कळते.

हाच कठोर निःपक्षपात सर्वत्र आढळतो. तेल्वानी घराण्याचे जादूगार अवाढव्य कवकांच्या मनोऱ्यांत राहतात व त्या मनोऱ्यांना जिने नाहीत. ज्याला तरंगण्याची विद्या येत नाही त्याने भेटीस येऊच नये, असा त्या घराण्याचा दिमाख आहे. एखाद्या समाजाचा उर्मटपणा वास्तुरचनेतून इतक्या थोडक्यात सांगणारे उदाहरण ललित साहित्यातही सहज सापडणार नाही. कथानकास आवश्यक असलेल्या व्यक्तीला खेळाडूने ठार मारले तर खेळ त्याला अडवीत नाही. भविष्यवाणीचा धागा तुटल्याची सूचना मिळते. हवे तर मागे फिरावे, नाहीतर या नष्टप्राय जगात तसेच राहावे. (असे करूनही शेवटास नेणारी एक आडवाट आहे आणि ती एका जराजर्जर, जगातील अखेरच्या बुटक्या कारागिरापर्यंत जाते, पण ती ज्याची त्याने शोधावी.)

कथानकाचेही तसेच. पात्र हा पूर्वीच्या सेनापतीचा, नेरेवारचा, भविष्यवाणीत सांगितलेला पुनर्जन्म असावा असे सूचित होते. परंतु बादशहाने त्याला राजकीय सोयीसाठी पाठविले आहे हेही उघड होते, आणि एका गुहेत असेच दावे करून अयशस्वी ठरलेल्या पूर्वसूरींची भुते भेटतात. नेरेवारचा मृत्यू कसा झाला याविषयी मंदिराचे पुरोहित एक सांगतात, भटक्या टोळ्या दुसरे सांगतात आणि खेळातील शेकडो वाचनीय ग्रंथांत आणखी पाठभेद आढळतात. निर्णय कोठेच दिलेला नाही. साधनग्रंथांची चिकित्सा करणाऱ्या इतिहासाच्या अध्यापकाला येथे आपलेच काम चाललेले दिसेल.

विस्मयाची अट :

भारतीय काव्यशास्त्राने अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय हा मानला आहे. विस्मय अनपेक्षितातून उपजतो, हे सर्वमान्य आहे. परंतु केवळ अनपेक्षित पुरेसे नाही. पूर्णतः अपरिचित जगात काहीही घडले तरी ते सारखेच वाटते. ज्या जगाचे नियम अंगवळणी पडले आहेत त्याच जगात त्या नियमांतूनच काही अकल्पित उद्भवले तर विस्मय जागा होतो. टॉल्कीन यांनी परीकथांवरील आपल्या १९३९ सालच्या व्याख्यानात कल्पित दुय्यम जगाला आंतरिक सुसंगती हवी असा आग्रह धरला तो याच अर्थाने. कादंबरीत ही सुसंगती लेखक राखतो व वाचक तिच्यावर विश्वास ठेवतो. खेळात मात्र ती वारंवार कसोटीला लागते, कारण खेळाडू प्रत्येक दार ढकलून पाहतो. म्हणून या प्रकारात वाट शोधणे ही कथेच्या मधली रिकामी जागा नसून जगाचे नियम अंगवळणी पडण्याची प्रक्रियाच आहे. ती वगळली तर उरते ते चित्र; विस्मय नव्हे.

बाणाचे आगमन :

२००६ साली याच मालिकेतील ‘ऑब्लिव्हियन’ आला. दृश्यांच्या दृष्टीने तो कितीतरी सरस होता. सर्व संवाद ध्वनिमुद्रित होते; वृद्ध बादशहाला पॅट्रिक स्टुअर्ट यांचा आवाज होता. पडद्याच्या तळाशी होकायंत्र आले व त्यावर इष्ट स्थळ दाखविणारी खूण आली. सर्व मोठी शहरे पहिल्यापासूनच नकाशावर असून टिचकीसरशी तेथे जाता येई. या सोयीचा संबंध ध्वनिमुद्रणाशीही आहे. लिखित संवादात वाटेचे वर्णन चार ओळींनी वाढले तर खर्च वाढत नाही. प्रत्येक वाक्य नटाकडून म्हणवून घ्यावयाचे झाले की पूल, पाटी आणि पडका मनोरा हे पहिले कापले जातात. त्यामुळे कोणी हट्टाने खुणेकडे दुर्लक्ष करावयाचे ठरविले तरी उपयोग नाही. कोठे जावे हे कोणी सांगितलेलेच नसते. बाण काढून टाकता येतो, परंतु त्याने विस्थापित केलेली भाषा परत येत नाही.

तरंगण्याची विद्याही या खेळात उरली नाही, कारण शहरे आता बाहेरील प्रदेशापासून वेगळी साठविलेली होती व भिंतीवरून डोकावणे परवडणारे नव्हते. शिवाय शत्रूंचे सामर्थ्य खेळाडूच्या सामर्थ्यानुसार वाढत जाई. खेळाडू पराक्रमी झाला की आडरानातील दरिद्री वाटमारेही राजेशाही चिलखत घालून उभे राहत. या विसंगतीची खेळणाऱ्यांनी यथेच्छ टवाळी केली. विनोद बाजूस ठेवला तरी तीतील अर्थ गंभीर आहे : जग आता खेळाडूच्या मापाने बेतले जात होते.

अर्थात ‘मोरोविंड’ निर्दोष होता असा दावा येथे अभिप्रेत नाही. डोळ्यांदेखत तलवार शत्रूला लागते आणि पडद्याआडच्या फाशांनी ती चुकली असे ठरते, हा प्रकार नवख्याला वैताग आणतो. नोंदवहीत साऱ्या कामगिऱ्या तारखेवार एकत्र मिसळलेल्या असत. ही गैरसोय पुढे त्याच वर्षीच्या पुरवणी भागात दूर करावी लागली. वाटेची वर्णने काही ठिकाणी मोघम, क्वचित चुकीचीही आहेत. नोकरी-संसार सांभाळून रात्री तासभर खेळणाऱ्याला तो तास चुकीच्या घळीत घालविणे परवडत नाही, ही तक्रार न्याय्यच म्हटली पाहिजे. २०११ सालच्या ‘स्कायरिम’ने बाण कायम ठेवला आणि जून २०२३ पर्यंत त्याच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. इतक्या लोकांना आनंद झाला नाही असे म्हणणे उद्धटपणाचे होईल. तथापि त्यांच्या आठवणी ऐकल्या तर त्या बहुधा बाणामागून जाताना मध्येच दिसलेल्या एखाद्या गुहेच्या, वाट सोडून चढलेल्या एखाद्या कड्याच्या असतात. म्हणजे बाण असूनही तो विसरला गेला तेव्हाच्या.

नंतरचे दोन प्रयोग :

सोय आणि शोध यांत एकाचीच निवड करावी लागते असे दीर्घकाळ गृहीत धरले गेले. निन्टेन्डोच्या २०१७ सालच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने त्याला छेद दिला. त्यात उंच ठिकाणी चढून दुर्बिणीने न्याहाळावे आणि कुतूहल वाटेल तेथे नकाशावर स्वतःच्या हाताने खूण करावी, अशी योजना आहे. खूण आहे, परंतु ती पाहणाऱ्याच्या दृष्टीतून जन्मलेली आहे.

दुसरे उदाहरण अधिक कठोर आहे. हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली फ्रॉमसॉफ्टवेअरने केलेला ‘एल्डन रिंग’ फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. त्यात कामगिऱ्यांची यादी नाही. विश्रांतीच्या स्थळांवरून प्रकाशाची एक पुसट रेघ साधारण दिशा सुचविते, इतकेच. आरंभीच्या कुरणातच सोनेरी चिलखतातील एक अश्वारूढ योद्धा फिरत असतो आणि नवख्याला तो दोन फटक्यांत लोळवितो. त्याच्याशी लढण्याची सक्ती नाही. वळसा घालून जाता येते, व हे समजणे हाच पहिला धडा आहे. जवळच्या पडक्या अवशेषांत एक पेटी उघडली तर धुराचा लोट येतो आणि खेळाडू दूरवरच्या, आपल्या कुवतीबाहेरच्या प्रदेशातील खाणीत जाऊन पडतो. तेथून जीव वाचवून बाहेर आल्यावर तांबड्या आकाशाखालचा तो प्रदेश पाहणाऱ्याची भीती आणि विस्मय यांतील सीमारेषा पुसली जाते. हा खेळ अवघड म्हणून चालणार नाही अशी भीती व्यवसायात होती असे म्हणावे, तर पहिल्या तीन आठवड्यांतच त्याच्या एक कोटी वीस लाखांहून अधिक प्रती गेल्या.

‘मोरोविंड’ला मात्र वेगळेच उत्तरायुष्य लाभले. मूळ खेळात केवळ व्हार्डनफेल हे बेट होते. कथेत ज्याचा सतत उल्लेख येतो तो मुख्य भूभाग त्यात नव्हता. तो भूभाग आपण रचावा म्हणून खेळ प्रसिद्ध होण्यापूर्वीच, २००१ साली, काही चाहत्यांनी ‘टॅमरियल रीबिल्ट’ हा उपक्रम सुरू केला. दोन दशकांहून अधिक काळ निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक कोणत्याही मोबदल्याविना तेथे डोंगर उभारीत आहेत, गावे वसवीत आहेत. जुन्या खेळाच्याच चौकटीत हे काम चालत असल्याने त्यात बाण नाही. म्हणून प्रत्येक नव्या गावासाठी कोणा तरी स्वयंसेवकाला बसून लिहावे लागते : वेशीतून बाहेर पडल्यावर कोणता रस्ता धरावा, कोणता पूल ओलांडावा, आणि वळण्याची खूण म्हणून काय पाहावे.